हेलिकल हेड बसवलं की प्लेनरच्या सगळ्या तक्रारी मिटतात?

बेंचटॉप प्लेनर, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं टेबलावरचं मशीन, घेणाऱ्याला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: "कंपनीची सरळ पाती कामाची नाहीत. पहिल्याच दिवशी कटर हेड बदलून कार्बाइड इन्सर्टचं हेलिकल हेड बसवा. फळीच्या टोकाला खड्डा पडणार नाही, मोटरवरचा ताण कमी होईल, आवाज निम्मा होईल, कसलंही लाकूड उचकटणार नाही, धार आयुष्यभर बघायला नको आणि पैसे वर्षात वसूल." कटर हेड म्हणजे मशीनमधला पाती बसवलेला फिरता दांडा. हेलिकल हेडवर लांब पात्यांऐवजी कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे छोटे चौकोनी तुकडे, म्हणजे इन्सर्ट, गोल फिरलेल्या रांगांत बसवलेले असतात. ही चांगली वस्तू आहे, यात वाद नाही. पण या यादीतल्या काही गोष्टी तिच्या हातातच नाहीत, आणि त्यासाठी लोक मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे घालतात, हे मला खरंच खटकतं. उदाहरणाला अमेरिकेतलं डिवॉल्ट कंपनीचं डीडब्ल्यू ७३५ हे प्लेनर मशीन धरतो. तिकडच्या गॅरेजांमध्ये काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींकडे हेच मशीन असतं, आणि हेड बदलण्याचा हा सल्लाही सर्वांत जास्त याच मशीनसाठी दिला जातो.

आधी टोकाचा खड्डा, ज्याला सगळे स्नाइप म्हणतात. प्लेनरमध्ये फळी ओढणारे दोन रोलर असतात, एक कटरच्या अलीकडे आणि एक पलीकडे. फळी आत शिरताना तिला फक्त पहिल्या रोलरने धरलेलं असतं आणि बाहेर पडताना फक्त दुसऱ्याने. त्या वेळी फळीचा बाहेर राहिलेला भाग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, आतलं टोक वर उचललं जातं आणि कटर तिथे जास्त खातो. खात्री करायची असेल तर खड्डा पडलेल्या टोकावर पट्टी ठेवा. टोकापासून खड्डा संपतो तिथपर्यंतची लांबी मोजा, मग मशीन बंद करून, प्लग काढून रोलर आणि कटर यांच्यातलं अंतर मोजा. दोन्ही जवळपास जुळतात. आता त्या जागी सरळ पातं असो की इन्सर्ट, उचललं गेलेलं टोक दोघांच्याही तोंडी सारखंच येणार. यावर उपाय म्हणजे पुढचं-मागचं टेबल किंचित वर घ्यायचं, फळी आत जाताना आणि बाहेर येताना मोकळं टोक हाताने थोडं उचलून धरायचं, किंवा त्याच जाडीचा टाकाऊ तुकडा पुढे आणि मागे चिकटून सोडायचा. या उपायांना एक पैसाही लागत नाही.

मोटरवरचा ताण कमी होतो म्हणतात, तिथे मात्र आकडेच बोलतात. ७३५ च्या मूळ हेडला तीन पाती आहेत, हेड मिनिटाला १०,००० फेरे घेतं आणि हळू वेगात फळी मिनिटाला १४ फूट, म्हणजे १६८ इंच सरकते. तीस हजार काप भागिले १६८ केले की इंचाला साधारण १७९ काप येतात. कंपनी छापते तो आकडा हाच. तुम्हाला मिळणाऱ्या हेलिकल हेडचंही असंच गणित करून पाहा: इन्सर्टची संख्या गुणिले एका इन्सर्टच्या धारेची लांबी, भागिले हेडची लांबी. समजा ३३० मिलिमीटर लांबीच्या हेडवर १४ मिलिमीटरचे ४० इन्सर्ट आहेत. उत्तर १.७ येतं. म्हणजे फळीच्या कुठल्याही एका रेषेवर एका फेऱ्यात सरासरी पावणेदोन काप, जिथे मूळ हेड तीन देत होतं. इंचाला १७९ ऐवजी जेमतेम शंभर काप झाले. लाकूड तितकंच काढायचं आहे, त्यामुळे प्रत्येक काप जाड होतो. मोटर मात्र तीच, १२० व्होल्टवर १५ अँपिअरची. रुंद आणि कठीण फळीवर हेड बदललेलं मशीन पूर्वीपेक्षा लवकर दमतं, अशा तक्रारीही येतात. अशा मशीनवर एका वेळी कमी जाडी काढावी लागते. हे आधी माहीत असलं तर चालतं. जास्त जाडी काढता येईल या आशेने हेड घेतलं तर पदरी निराशाच येते.

आवाजाचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. सरळ पातं सगळ्या रुंदीवर एकदम आदळतं, इन्सर्ट मागेपुढे लागतात, म्हणून कापताना येणारा कर्कश आवाज ठळकपणे कमी होतो. पण मोटरचा आणि भुसा फेकणाऱ्या पंख्याचा आवाज तसाच राहतो. कानावरचे मफ काढू नका.

आता उचकटण्याबद्दल. लाकडाची शीर, म्हणजे तंतूंची दिशा, उलटी असली की पातं लाकूड कापण्याआधीच ते शिरेच्या बाजूने पुढे चिरतं आणि तुकडा उपटून येतो. विळीवर भाजी सरळ दाबण्याऐवजी ओढत चिरली की जो फरक पडतो, तोच तिरक्या धारेने पडतो, आणि हेलिकल हेडचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. लहरी शिरेच्या मेपलवर तो नजरेत भरतो. पण दोन तऱ्हेची हेड एकाच नावाखाली विकली जातात. एकात इन्सर्टची धार अक्षाला खरोखर तिरकी असते. दुसऱ्यात इन्सर्टच्या रांगा गोल फिरलेल्या दिसतात, पण प्रत्येक धार सरळच लागते. दुसऱ्या प्रकारात ओढून कापण्याचा फायदा मिळत नाही, म्हणून घेण्याआधी इन्सर्टची बैठक नीट पाहा. शिवाय तिरक्या धारेच्या हेडनेही अवघड लाकूड कधी कधी उचकटतंच. फळीची कड पाहून शीर ओळखा, गरज पडली तर फळी फिरवून घाला, शेवटचे एक-दोन पास अगदी पातळ ठेवा. आणि हे सगळं करण्याआधी मूळ पाती बदलून पाहा. हेड बदलायला निघालेल्या बऱ्याच मशीनमध्ये पाती निव्वळ बोथट झालेली असतात. ७३५ ची पाती दोन धारांची आहेत. एक बाजू गेली की उलटायची.

आयुष्यभर धार बघायला नको, हे कुणीही म्हणू नये. कार्बाइड मूळ पात्यांच्या हायस्पीड स्टीलपेक्षा खूप जास्त टिकतं हे खरं, आणि सागवानावर तर हा फरक फार मोठा आहे, कारण सागवानात सिलिका असते आणि ती स्टीलची धार भराभर मारते. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून किंवा पाडलेल्या वाड्यातून जुने वासे आणून काम करणाऱ्याला आणखी एक फायदा आहे: आत राहिलेला खिळा लागला तर फक्त मार बसलेले इन्सर्ट एक चतुर्थांश फिरवायचे, कारण प्रत्येकाला चार धारा असतात. सरळ पात्याला तसाच मार बसला तर प्रत्येक फळीवर उभी रेघ उमटत राहते. पण कार्बाइड ठिसूळ असतं. खिळ्यावर त्याचा कोपरा उडतो, आणि स्क्रू जास्त आवळला तर इन्सर्टला तडा जातो. फिरवताना खालची बैठक ब्रशने स्वच्छ करावी लागते. भुशाचा किंवा राळेचा कण जरी राहिला तरी तो इन्सर्ट वर राहतो आणि लाकडावर उंचवट्याची बारीक रेघ येते. नीट बसवलेलं हेडसुद्धा फिकट लहरी सोडतं. बल्ब बाजूला धरून पाहिलं की दिसतात. पॉलिश पेपर किंवा स्क्रॅपर चालवावाच लागतो.

राहिला पैशाचा प्रश्न. अमेरिकेत ७३५ साठी चांगलं हेलिकल हेड ४०० डॉलरच्या वर जातं, आणि मूळ तीन पात्यांचा संच साधारण ५०-६० डॉलरला मिळतो. एका हेडच्या पैशात सात-आठ संच, म्हणजे चौदा-सोळा धारा. महिन्याला चार फळ्या रंधणाऱ्याच्या त्या वर्षानुवर्षं संपणार नाहीत. रोज सागवान, शिसम किंवा लहरी मेपल घालणाऱ्याचा हिशेब वेगळा. त्याने हेड जरूर घ्यावं. फक्त जुनं हेड काढताना बेअरिंग ओढून काढायला पुलर लागतो, स्क्रूंसाठी टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) लागते, आणि मशीन उघडल्याने वॉरंटी जाते का हे आधी विचारून घ्यावं लागतं. हा खर्च सल्ला देणारा सहसा धरत नाही, तुम्ही तो धरा.