आधी किटलीचं झाकण उघडा, मग सर्व्हिसबद्दल बोला

सकाळपासून तोच रील फिरतोय. हाँगकाँगच्या सेंट्रल भागातलं एक जुनं चहाघर, आपलं एक मराठी कुटुंब आणि वर मथळा, 'इतकी उद्धट सर्व्हिस जन्मात पाहिली नाही'. तक्रारी काय? बसायला कुणी नेलं नाही. टेबलावर आधीच एक म्हातारा बसलेला. वाट्या स्वतः विसळाव्या लागल्या. चहा संपला तरी कुणी ढुंकून बघितलं नाही. कळस म्हणजे त्या अनोळखी म्हाताऱ्याने 'आमच्या किटलीला हात लावला'.

हात लावून त्याने काय केलं, ते रीलमध्येच दिसतंय. झाकण उचलून तिरकं ठेवलं. लगेच गरम पाणी घेऊन माणूस हजर. यांना पत्ताच नाही, हे आपले कॅमेऱ्यात बघून तोंडं वाकडी करतायत!

अहो, कँटोनीज चहाघरात पाणी हवं असेल तर झाकण उघडं ठेवायचं असतं. झाकण बंद म्हणजे किटली भरलेली आहे, असा हिशोब. वेटर पुढे जाणारच. मग तुम्ही हात हलवा नाहीतर टाळ्या वाजवा, तो थांबत नाही.

आणि बसायला कोण नेणार? जुन्या चहाघरात टेबल मिळत नाही, खुर्ची मिळते. आत शिरायचं, कुणाचं खाणं संपत आलंय ते हेरायचं आणि त्या खुर्चीमागे निर्लज्जपणे उभं राहायचं. गोल टेबलावर तीन वेगवेगळी बिऱ्हाडं बसतात, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. चौघांना चार बाजूंना जागा मिळाली तर तशीच घ्यायची.

बसल्यावर मेन्यू मागू नका. पहिला प्रश्न येतो तो कुठला चहा, हा. चहाचे पैसे डोईमागे लागतात. तासभर बसायचं असेल तर बो लेइ सांगा, म्हणजे आपण ज्याला पुएर म्हणतो तो. काळाकुट्ट दिसतो, पण पानं पाण्यात राहिली तरी फारसा कडवट होत नाही आणि डुकराच्या चरबीचा तुपकटपणा कापतो. तिएग्वानयिन वासाला सरस, पण विसरलात की तुरट होतो. मोगऱ्याचा चहा अगदीच नवख्यांसाठी. घ्या, हरकत नाही.

आता ते विसळणं. वाट्या खरकट्या नसतात हो! पानांवर पहिलं उकळतं पाणी ओतायचं आणि लगेच काढायचं. ते प्यायचं नाही. वाटीत चमचा आणि चॉपस्टिकची टोकं बुडतील असं ते ओतायचं, त्यातच कप आडवा धरून कड फिरवायची आणि सगळं पाणी टेबलावरच्या मोठ्या वाडग्यात टाकायचं. तो वाडगा त्यासाठीच असतो. रीलमधल्या काकांनी त्यात सूप येणार म्हणून वाट पाहिली. म्हाताऱ्याने तेव्हाही खुणेने दाखवलं होतं, पण यांनी मान फिरवली.

काही ठिकाणी किटलीऐवजी झाकणाचा कप येतो. तो काठोकाठ भरू दिलात की बोटं भाजलीच. काठाखाली बोटभर जागा हवी. अंगठा आणि मधलं बोट कडेला, तर्जनी झाकणावर, झाकण किंचित तिरकं म्हणजे पानं मागे अडतात. कुणी तुमच्या कपात चहा ओतला तर दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करायचं, झाले आभार. वेशांतर करून फिरणाऱ्या चीनच्या छ्यानलोंग बादशहाची दंतकथा त्यामागे सांगतात. खरी-खोटी देव जाणे.

वाफवलेल्या पदार्थांच्या टोपल्या घेऊन फिरणारी ढकलगाडी जिथे उरली आहे तिथे ती टेबलापर्यंत येईल म्हणून वाट बघत बसाल तर उपाशी राहाल. टेबलावरचं कार्ड उचलायचं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गाडी निघाली की उठून जायचं. लहान, मध्यम, मोठं, खास अशा दरांच्या रकान्यांत शिक्का बसतो, शेवटी शिक्के मोजून बिल. कार्ड हरवू नका. बाकी बहुतेक ठिकाणी आता कागदावर पेन्सिलीने खुणा करून द्यायच्या असतात.

आधी हार गाव घ्या, कोळंबीचं. ज्यांच्या घरी उकडीचे मोदक होतात त्यांना हा पदार्थ समजावून सांगावा लागू नये. ग्लुटेन काढलेलं गव्हाचं स्टार्च, त्यात थोडं टॅपिओकाचं, आणि पाणी खळखळतंच हवं. कोमट पाणी घातलं तर पीठ भुगा होतं, उघडं राहिलं तर चिरतं. गोळी लाटत नाहीत, तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने दाबून चकती करतात. पाकळ्या निदान 7, चांगला कारागीर 10 च्या वर जातो. मोठ्या वाफेवर चारपाच मिनिटं, बस. जास्त झालं की पारी फाटते आणि कोळंबी रबर होते. गाडीवर फार वेळ फिरलं की बूड टोपलीला चिकटतं आणि उचलताना सगळं सारण खाली. म्हणून टोपलीचं झाकण उघडायला लावा, भसकन वाफ आली तरच घ्या. आणि लगेच खा! रीलमध्ये फोटो काढेपर्यंत पारी पांढरट, घट्ट झालेली दिसतेय आणि मग म्हणे 'ओव्हररेटेड'.

चार सिऊ बाव, म्हणजे डुकराचं मांस भरलेला वाफवलेला पाव, वरून फुटलेला हवा, आतलं लालसर मांस डोकावलं पाहिजे. वाफ कमी पडली की तो फुटत नाही. कोंबडीच्या पायांना नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगते, आधी तळून, गार पाण्यात भिजवून कातडी फुगवतात, मग शिजवून काळ्या सोयाबीनच्या चटणीत वाफवतात. हाडं ताटलीत थुंकायची, बिनधास्त.

शाकाहारींचे हाल होतात, मान्य. मुळ्याच्या वडीतसुद्धा सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं, पालेभाजीवर ऑयस्टर सॉस. 'जाय' म्हणा. ते बौद्ध शाकाहारी जेवण, सहसा कांदा-लसूणही नसतो. पण दर चहाघरात मिळेलच असं नाही. आणि हो, वेटर खेकसतात, हेही मान्य. गजबजलेल्या दिवाणखान्यात उकळत्या पाण्याची किटली घेऊन दिवसभर फिरा, मग आवाज किती गोड राहतो ते बघू.

राग थोडा उतरला आता. लुक यू हे चहाघर 1933 पासून चालू आहे, तिथे अजून जुनी लाकडी कक्षं आणि रंगीत काचा आहेत. पण वेलिंग्टन स्ट्रीटवरचं लिन ह्यूंग 2022 च्या ऑगस्टमध्ये बंद झालं तेव्हा बाहेर रांगा लागल्या होत्या. 2024 मध्ये पुन्हा उघडलं खरं, पण दरवेळी असं नशीब नसतं. अशी ठिकाणं रोज पहाटे येऊन एक चहा आणि दोन टोपल्यांवर पेपर संपवणाऱ्या म्हाताऱ्यांवर टिकलेली असतात. रीलमधला तो त्यांच्यातलाच एक. यांनी त्याच्या टेबलावर बॅगा ठेवल्या, त्याने पेपर आवरून घेतला. यांची किटली रिकामी दिसली, त्याने झाकण उघडून दिलं. आणि त्याचा चेहरा न झाकता आपण त्याला लाखभर लोकांपुढे हसतोय. लाज वाटायला हवी, मला तर वाटली.

डिसेंबरात कुणी जाणार असाल तर शनिवार-रविवारी 11 ते 2 जाऊ नका. आठवड्यात सकाळी सातला जा, गाडीवर पहिल्या वाफेचा माल असतो. चौघांना सहा-सात टोपल्या आधी, लागलं तर पुढे. भात-नूडल्स शेवटी. संध्याकाळी जेवायला गेलात आणि मेन्यूवर माशापुढे 'बाजारभावाने' असं लिहिलेलं असेल तर ऑर्डर देण्याआधी भाव विचारा. तो कॅटीवर असतो, म्हणजे साधारण 600 ग्रॅम, किलोवर नव्हे. मासा जिवंत आणून दाखवतील, तेव्हा किंचाळू नका, मान हलवा.