अलीकडचे गाव, पलीकडचे गाव

‘अर्ध्या दिवसाची पदभ्रमंती’ असे ज्या वाटेचे वर्णन केलेले असते, तिच्यात दिवसाचा नेमका कोणता अर्धा भाग अभिप्रेत आहे, हे कोणी आधी सांगत नाही. सकाळी सात वाजता अलीकडच्या गावात गाडी उभी करून आम्ही उभयता निघालो, तेव्हा मी तर अर्ध्या दिवसाचीही गरज नाही अशा मताचा होतो.

वाट कागदावर सोपी होती. डोंगरात समोरासमोर दोन गावे आणि मध्ये नदीची घळई. घळईत उतरायचे, नदी ओलांडायची, पलीकडच्या गावात चढून जायचे, तिथून काठाकाठाने फिरत दुसऱ्या वाटेने अलीकडच्या गावात परत यायचे. एकूण ११ किलोमीटर. जी वाट जिथे सुरू होते तिथेच संपते, तिच्यावरून चालून माणूस पोहोचतो कोठे, असा प्रश्न पत्नीने आदल्या रात्री विचारला होता. परंतु ती गणित शिकवते, आणि घरातल्या घरात गणित मनावर घ्यायचे नाही असे मी लग्न झाल्यापासून ठरवलेले आहे.

हिशेब मीही केला होता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगून ठेवला आहे : सपाटीवर ताशी ३ मैल धरा आणि दर २००० फूट चढाला वर एक तास द्या. आजच्या मापात ताशी ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाला एक तास. नकाशावरच्या समोच्चरेषा मोजून मी ३६० मीटर चढ काढला आणि उत्तर आले दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटे. ‘‘दहाच्या आत परत,’’ असे मी जाहीरही करून टाकले. नेस्मिथसाहेबांच्या नियमात थांबणे, बुटातला खडा काढणे आणि ‘वाट हीच ना?’ यावरचा वाद धरलेला नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

डोंगर चढताना एक सोय असते : कष्ट आधी, उतार नंतर, आणि दम संपला तर माणूस अर्ध्यातून मान खाली घालून परत फिरू शकतो. घळईचा व्यवहार नेमका उलटा, म्हणजे उधारीचा आहे. सकाळी ताजेतवाने असताना ती तुम्हांला हसत खाली नेते आणि वसुलीला उन्हे डोक्यावर आल्यावर उभी राहते. शिवाय उतार फुकट असतो हाही गैरसमजच. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, त्यामुळे त्यांना बारीक इजा होते आणि खरे दुखणे एक-दोन दिवसांनी वर येते. माझे दुखणे तेवढे थांबायला तयार नव्हते. प्रत्येक पावलागणिक पाय बुटात पुढे सरकत होता आणि अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर दार ठोठावल्यासारखे आपटत होते. घोट्यापाशी नाडी घट्ट बांधली की पाय सरकत नाही, ही साधी युक्ती पत्नीला माहीत होती. ती तिने मला तळाशी पोहोचल्यावर सांगितली.

तळ मात्र पाहण्यासारखा होता. नदी दोन्ही बाजू रुंदावण्याच्या भानगडीत न पडता सरळ खाली कापत गेली की अशी घळई तयार होते. पात्रातल्या खडकात रांजणखळगे होते. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून खडक कोरत राहतात आणि त्यातून असे रांजण घडतात. एकात मी वाकून पाहिले, तर तळाशी लिंबाएवढा गुळगुळीत गोटा निवांत बसला होता. गोल गोल फिरून त्याने निदान एक रांजण तरी कोरला होता. माझ्या फेऱ्यातून नख काळे होण्यापलीकडे काही निष्पन्न होईल असे दिसत नव्हते. वाट बरोबर आहे ना, हे तपासावे म्हणून मोबाईल काढला, तर मी समोरच्या कड्याच्या पोटात चालत असल्याचे त्याने दाखवले. घळईत आकाश थोडे दिसते आणि उपग्रहांचे संदेश कड्यांवर आपटून येतात, म्हणून असे होते. तरीही स्वतःला खडकात गाडलेले पाहून जरा वाईट वाटतेच.

साडेदहाला पलीकडचे गाव आले, म्हणजे मी जाहीर केलेली वेळ कधीच उलटून गेली होती. पारावर एक आजोबा बसले होते. नकाशा सापडेना म्हणून मी खिशातल्या सगळ्या वस्तू पारावर काढून ठेवल्या. ‘‘कुठून आलात?’’ त्यांनी विचारले. ‘‘अलीकडच्या गावातून,’’ मी म्हणालो. ‘‘अलीकडचं गाव हे. तुम्ही पलीकडून आलात,’’ त्यांनी शांतपणे दुरुस्ती केली. तेवढ्यात समोरच्या गावातल्या शाळेची घंटा वाजली, ती इथे स्पष्ट ऐकू आली. दोन्ही काठांमध्ये ४०० मीटरसुद्धा अंतर नव्हते. जे अंतर आवाज जेमतेम सव्वा सेकंदात कापतो, त्याला मला साडेतीन तास लागले होते. ‘‘आम्ही हाका मारूनच बोलतो,’’ आजोबा म्हणाले, ‘‘उतरतंय कोण!’’

तिथून पुढे काठाकाठाने तासभर रमतगमत चाललो. मग वाट डावीकडे वळली आणि पुन्हा सरळ घळईत उतरू लागली. मी थबकलो.

‘‘अगं, पुन्हा खाली कशाला?’’

‘‘अहो, गाडी कुठल्या काठावर आहे?’’

मी काही बोललो नाही. उतरता उतरता तिने मला नदीने विभागलेल्या कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांची हकीकत सांगितली. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये सिद्ध केले, की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून निघाल्या जागी परत यायचे, तर प्रत्येक भूभागाला जोडणाऱ्या पुलांची संख्या सम असावी लागते. तात्पर्य इतकेच, की मधली नदी एकदा ओलांडून माणूस घरी येत नाही. दोनदा तरी ओलांडावीच लागते. म्हणजे चढ ३६० नव्हे, ७२० मीटर. ‘‘तुम्ही समोच्चरेषा एकाच बाजूच्या मोजल्यात,’’ ती म्हणाली, ‘‘हे मला रात्रीच दिसलं होतं. पण तुम्ही नेस्मिथवर फार खूश होतात.’’

दुसऱ्या चढाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. तो होता, आणि पुष्कळ होता.

अडीच वाजता गाडीपाशी पोहोचलो. मी बॉनेटवर हात टेकून उभा राहिलो आणि दुसरा हात खिशात घातला. मग तो काढून उरलेल्या सगळ्या खिशांत आळीपाळीने घातला. इतक्यात समोरच्या काठावरून, बरोबर सव्वा सेकंदाचा प्रवास करून, ओळखीचा आवाज आला. पारावरचे आजोबा कड्याच्या टोकाशी उभे राहून हातातली एक चकाकणारी वस्तू उंच धरून हलवत होते.

‘‘अहो ऽऽ पलीकडचे ऽऽ किल्ली ऽऽ!’’

मी पत्नीकडे पाहिले. ती गाडीच्या सावलीत ऐसपैस बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

‘‘जाऊन या,’’ ती म्हणाली, ‘‘चार हीसुद्धा सम संख्याच आहे.’’