नजर खाली की डावीकडे? मधल्या मीटरवरच्या आरोपांना उत्तर

भाच्याला सेकंडहँड गाडी घ्यायची आहे. दोन महिने फिरून त्याने टोयोटाची एक इटिऑस, म्हणजे मधोमध मीटर असलेली गाडी, पसंत केली, टोकन द्यायचं ठरलं, आणि त्याच रात्री माझ्या फोनवर फॉरवर्ड येऊन पडला. वर एकच ओळ: ‘मामा, हे वाचलं का?’

फॉरवर्ड तुम्हीही पाहिला असेल, तो मधूनमधून फिरतच असतो. मजकूर थोडक्यात असा: ज्या गाडीचा वेगाचा मीटर स्टिअरिंगच्या मागे नसून डॅशबोर्डच्या मधोमध आहे, ती घेऊ नका. वेग बघायला मान वळवावी लागते, नजर रस्त्यावरून हटते. हा कंपनीने पैसे वाचवायला केलेला जुगाड आहे. ड्रायव्हरला तिरकं दिसत असल्यामुळे वेग चुकीचा वाचला जातो. गाडीतल्या सगळ्यांना मीटर दिसतो, मग ते कटकट करतात. आणि शेवटी हुकमाचा पत्ता: म्हणूनच तर सगळ्या कंपन्यांनी तो बंद केला. जाता जाता, सगळं मधल्या पडद्यावर नेणाऱ्या टेस्लालाही एक टोला.

मी नऊ वर्षं मधल्या मीटरची गाडी चालवतोय. त्याआधी गाडी शिकलो ती जुन्या जीपवर, तिचेही काटे मधोमधच. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा थोडा अधिकार आहे, असं मी समजतो. आरोप सगळेच खोटे नाहीत. पण जो सगळ्यात मोठ्या आवाजात केला जातो, तो सगळ्यात कच्चा आहे.

‘नजर रस्त्यावरून हटते’

हटते. स्टिअरिंगमागचा मीटर बघतानाही हटतेच, कारण तो काही काचेवर चिकटवलेला नसतो. प्रश्न किती हटते आणि किती वेळ, एवढाच. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अर्धा सेकंद नजर दुसरीकडे गेली तर ११ मीटर रस्ता न बघता कापला.

आता टेप घ्या. छोट्या गाडीत स्टिअरिंगमागचा मीटर डोळ्यांपासून समोर साधारण ७० सेंटिमीटर आणि डोळ्यांच्या रेषेखाली ३३ सेंटिमीटर धरू. म्हणजे नजर सुमारे २५ अंश खाली जाते. मधला मीटर सहसा काचेच्या बाजूला आत सरकवलेला आणि थोडा वर असतो. तो समोर ९०, खाली २५ आणि डावीकडे ३८ सेंटिमीटर धरा. डावीकडे २३ अंश, खाली जेमतेम १४. दोन्ही मिळून नजरेचा एकूण प्रवास २७ अंशांच्या आसपास. फरक दोन अंशांचा. गाडीगणिक आकडे बदलतील, एखाद्या गाडीत मधला मीटर खाली आणि जवळ असेल तर तो हरेलही. पण ‘मान वळवावी लागते’ हे म्हणणाऱ्याने एकदा गाडीत बसून बघावं. मान वळत नाही, डोळे वळतात. डावा आरसा बघताना याहून कितीतरी जास्त वळावं लागतं, आणि आरसा काढून टाका असं अजून कुणी फॉरवर्ड केलेलं नाही.

नजर मीटरवर असताना रस्ता किती दिसत राहतो, हाही मुद्दा आहे. माणसाच्या डोळ्याला समोर बघताना वरच्या बाजूचं सुमारे ६० अंशांपर्यंत जाणवतं, बाहेरच्या बाजूचं ९०च्याही पुढे. खाली बघताना रस्ता वरच्या अरुंद पट्ट्यात जातो, बाजूला बघताना तो बाजूच्या रुंद पट्ट्यात राहतो. याचा एक तोटाही सांगून टाकतो, नाहीतर फॉरवर्डवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? डावीकडे बघताना फुटपाथवरून उतरणारा माणूस नजरेच्या जवळ येतो, पण उजवीकडून घुसणारी मोटारसायकल तेवढीच लांब जाते. आपल्याकडे दोघेही भरपूर.

यात एक गोष्ट तरुण मंडळी धरतच नाहीत: चाळिशी. चाळिशी लागली की जवळचं धूसर होतं आणि लांबचं ठीक दिसतं. रस्त्यावरून मीटरवर नजर आणताना डोळ्याच्या भिंगाला जोर लावावा लागतो, आणि वस्तू जितकी जवळ तितका जास्त. वरच्याच मापांत स्टिअरिंगमागचा मीटर डोळ्यापासून ७७ सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे १.३ डायॉप्टरचा (भिंगाचा जोर मोजायचं माप) जोर. मधला १०० सेंटिमीटरवर, म्हणजे एक डायॉप्टर. पंचविशीत हा फरक कळतही नाही. पन्नाशीत वाचायचा चष्मा न लावता गाडी चालवणाऱ्याला मात्र ‘६० की ८०’ हे एका नजरेत कळणं आणि डोळे बारीक करून बघणं, एवढा तो फरक असू शकतो. मी स्वतः मधल्या मीटरच्या बाजूने आहे त्याचं खरं कारण हेच. बाकी सगळं नंतर सुचलेलं.

आणि स्टिअरिंगची कड. बुटक्या माणसाला ती मीटरच्या वरच्या भागावर येते, उंच माणसाला दुसरीकडे. स्टिअरिंग वरखाली करायची सोय स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा नसते. आमच्या घरात पाच फुटांपासून पावणेसहा फुटांपर्यंत चार जण एकच गाडी चालवतात. मीटर मध्ये असल्यामुळे हा तंटा कधी झाला नाही.

‘कंपनीने पैसे वाचवले’

हो, वाचवले. यात लपवण्यासारखं काय आहे? उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगची गाडी काढायची असेल तर मीटर मध्ये ठेवला की डॅशबोर्डचे निदान काही भाग दोन्हीकडे चालतात. इटिऑस २०१०च्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे आली आणि २०१२मध्ये ब्राझीलमध्ये, जिथे स्टिअरिंग डावीकडे असतं. पण सगळा डॅशबोर्ड जसाच्या तसा उलटत नाही. स्टिअरिंगचा दांडा, पेडल, वायपरची जुळणी, हे सगळं बदलावंच लागतं. ‘करोडो वाचवले’ असं फॉरवर्डमध्ये लिहिलेलं आहे ते कुठल्या हिशेबावरून, देव जाणे.

नॅनोचं उदाहरण सगळे देतात. २००९च्या नॅनोत मीटर मधोमध, पुढे वायपर एकच आणि चाकाला नट तीन. काटकसर होतीच, तीच तर त्या गाडीची जाहिरात होती. पण पैसे वाचले म्हणजे गाडी चालवायला धोकादायक झाली, ही उडी कशी मारली? आणि टोयोटाने पहिल्या प्रिअसपासून, म्हणजे १९९७पासून, मीटर मध्ये ठेवला. त्या काळी दुसरं कुणी अशी हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) गाडी मोठ्या संख्येने विकत नव्हतं, आणि ती काही स्वस्तातली गाडी नव्हे. टोयोटाच्याच १९९९च्या छोट्या विट्झमध्येही मीटर मधोमध होता.

‘तिरकं दिसतं म्हणून वेग चुकतो’

हा आरोप मला आवडला, कारण यात थोडं शास्त्र आहे आणि ते खरंही आहे. काटा चकतीच्या दोन-तीन मिलिमीटर वर फिरतो. तिरकं बघितलं की तो चकतीवरच्या वेगळ्याच आकड्यावर आलेला दिसतो. आपला ड्रायव्हर मीटरच्या उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याला काटा किंचित डावीकडे सरकलेला दिसतो. काटा उभा वरच्या बाजूला असेल तेव्हा डावीकडे म्हणजे कमी वेगाकडे. शेजारी, डावीकडे बसलेल्याला बरोबर उलट, जास्त वेग दिसतो.

म्हणजे नवरा म्हणतो ‘अठ्ठ्याहत्तरवर आहे’ आणि बायको म्हणते ‘ब्याऐंशी दिसतंय’, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात. आमच्याकडे हे भांडण बरीच वर्षं चाललं.

पण चूक किती? काटा तीन मिलिमीटर वर आणि नजर २३ अंश तिरकी धरली तर काटा सव्वा-दीड मिलिमीटर सरकलेला दिसतो. साधारण आकाराच्या, २००पर्यंत आकडे असलेल्या चकतीवर हे दीड किलोमीटरच्या आत-बाहेर. मीटर ड्रायव्हरकडे कललेला असेल तर त्याहून कमी. काटा आडवा असताना जवळजवळ शून्य, कारण तेव्हा तो स्वतःच्याच रेषेत सरकतो. शिवाय स्पीडोमीटर मुळातच थोडा पुढे दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत तर असंच आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त मात्र दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालतं. हे दीड किलोमीटर त्यातच जिरून जातात. मीटर डिजिटल असेल तर काटाच नाही, विषय संपला.

‘सगळ्यांना मीटर दिसतो, कटकट होते’

होऊ दे की.

मला वाटतं हा मधल्या मीटरचा दोष नसून सगळ्यात मोठा गुण आहे. इटिऑस आपल्याकडे टॅक्सी म्हणून किती धावली ते सांगायला नको. रात्री अकरा वाजता विमानतळावरून मागच्या सीटवर एकटी बसून येणाऱ्या बाईला काटा ११०वर दिसतो, आणि ती म्हणू शकते, ‘दादा, जरा हळू.’ मीटर स्टिअरिंगमागे असता तर तिच्याकडे नुसती भीती असती, आकडा नसता. आपल्याकडे १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना ८०च्या पुढे टुकटुक आणि १२०च्या पुढे सतत वाजणारी घंटी सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ही घंटी म्हणजे शेजारची किंवा मागची सीट.

हँडब्रेकचा दिवा लागलेला माझ्या आधी आईला दिसतो. पेट्रोलचा तर शेजाऱ्यांच्या सहावीतल्या मुलालाही. यात अपमान वाटून घ्यायचा असेल तर घ्या.

खरा त्रास होतो तो वेगळ्यांना, आणि त्यांचा फॉरवर्डमध्ये उल्लेखही नाही: रोज नवी गाडी चालवणारा बदली ड्रायव्हर. आपल्या गाडीला डोळे आठ-पंधरा दिवसांत सरावतात. पहिले काही दिवस स्टिअरिंगमागच्या रिकाम्या प्लॅस्टिककडे बघून मीही दचकायचो. पण आज ही, उद्या ती अशी गाडी हातात येणाऱ्याला दर वेळी शोधाशोध करावी लागते. त्याची तक्रार रास्त आहे.

‘म्हणूनच सगळ्यांनी बंद केला’

कुणी बंद केला, कुणी पुन्हा आणला. १९४८च्या पहिल्या लँड रोव्हरमध्ये काटे मध्ये होते, १९७१च्या तिसऱ्या मालिकेत ते ड्रायव्हरसमोर गेले. १९५९च्या मूळ मिनीचा गोल मीटर मध्ये होता. बीएमडब्ल्यूच्या काळातल्या मिनीने तो ताटाएवढा करून मध्येच ठेवला, २०१४च्या सुमारास वेग स्टिअरिंगमागे नेला, आणि आताच्या नव्या मिनीत स्टिअरिंगमागचा मीटरच गायब. मध्ये एक मोठा गोल पडदा. प्रिअसने चार पिढ्या मध्ये ठेवून २०२२मध्ये पाचव्या पिढीत तो ड्रायव्हरसमोर आणला. टाटाची इंडिका व्हिस्टा २००८मध्ये मधला मीटर घेऊन आली. शेव्हर्ले स्पार्क, नॅनो आणि इटिऑस बाजारातून गेल्या, पण मीटरच्या जागेमुळे गेल्या असं म्हणणं म्हणजे दुकान बंद पडलं ते पाटीच्या रंगामुळे म्हणण्यासारखं. इटिऑस गेली २०२०मध्ये, धुराचे नवे बीएस-६ नियम लागू होताना.

आणि टेस्ला

इथे मी फॉरवर्डच्या थोडा जवळ जातो. २०१७च्या मॉडेल ३पासून टेस्लाने स्टिअरिंगमागचा मीटर काढून सगळं मधल्या पडद्यावर नेलं. २०२५च्या जुलैत मुंबईत विकायला आलेल्या मॉडेल वायमध्येही तसंच. वेगाचा आकडा पडद्याच्या ड्रायव्हरकडच्या कोपऱ्यात असतो, तो वाचायला फार अवघड नाही. त्रास त्याच पडद्यावर ढकललेल्या इतर कामांचा आहे. वेग बघणं म्हणजे एक नजर. एसी बदलणं किंवा वायपरचं सेटिंग शोधणं म्हणजे नजर, बोट, पुन्हा नजर. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६पासून इंडिकेटर, हॅझार्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर गुण कापायचं ठरवलं, ते यासाठीच. मीटर कुठे असावा, यावर त्या यादीत काही नाही. दोन वेगळ्या तक्रारी एका पिशवीत भरल्या की दोन्ही कुजतात.

भाच्याला मी कळवलं की टोकन दे, पण त्याआधी गाडी एकदा संध्याकाळी पाचला, सूर्य डाव्या खिडकीतून येईल अशा रस्त्यावर ने. मधल्या मीटरचा एक दोष फॉरवर्डवाल्याने लिहिलाच नाही, आणि तो मला नऊ वर्षं छळतोय: त्या वेळी काचेवर उन्हाची चमक येते आणि पाच-दहा मिनिटं काटा दिसतच नाही. स्टिअरिंगमागच्या मीटरला ड्रायव्हरच्या अंगाची सावली तरी मिळते. मी डावीकडच्या काचेला जाळीचा पडदा लावला होता, तो बायकोने काढून टाकला, कारण तिला बाहेरचं दिसत नव्हतं.