कुत्र्यांच्या मैदानाची जागा आराखड्यातच राखली पाहिजे

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे या गावांत कालपर्यंत ऊस आणि ज्वारी असलेल्या जमिनींवर आज टॉवर उभे आहेत, आणि त्यांत राहायला आलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी कुत्रा आहे. पाणी, रस्ते आणि कचरा हे प्रश्न किती तातडीचे आहेत, हे या भागात राहत असल्याने मी रोज अनुभवते. तरीही कुत्र्यांना मोकळे धावता येईल अशा सार्वजनिक मैदानाचा विषय मला आजच मांडायचा आहे, कारण टँकर पुढल्या वर्षी बंद होऊ शकतो, पण एकदा बांधकाम झालेली जमीन परत मिळत नाही.

ही सोय प्रत्येक सोसायटीने आपल्या आवारात करावी, असे अनेकांचे म्हणणे असते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. म्हणजे एक एकर भूखंडाच्या वाट्याला साधारण ४०० चौरस मीटर येतात, आणि त्यातच मुलांची घसरगुंडी, ज्येष्ठांची बाके आणि गणपतीचा मांडव बसवायचा असतो. अमेरिकन केनेल क्लब कुत्र्यांच्या मैदानासाठी किमान एक एकर जागा सुचवतो. तेवढी जागा एखाद्या सोसायटीला द्यायची झाल्यास तिचा भूखंड दहा एकरांचा हवा आणि त्यातली सगळी खुली जागा कुत्र्यांनाच द्यायला हवी. हे कोणी मान्य करणार नाही आणि करूही नये. म्हणूनच प्रभागाच्या पातळीवर, विकास आराखड्यात स्वतंत्र नोंद करूनच ही जागा मिळवावी लागेल.

आधी जागा न राखल्यास काय होते, हे जुन्या उपनगरांत दिसते. बागेचे आणि झाडांचे सगळे नियोजन झाल्यावर एक कोपरा कुंपण घालून वेगळा काढला जातो, तो नेमका मुलांच्या खेळण्यांशेजारी येतो, आणि मग कुत्र्याला घाबरणारे आजोबा व कुत्रा पाळणारी तरुण मंडळी यांच्यात भांडण जुंपते. आजोबांची तक्रार रास्तच असते. त्यांना निर्धास्तपणे चालता यावे, यासाठीच कुत्र्यांची जागा वेगळी आणि अंतरावर हवी. कुत्रा न पाळणाऱ्यांचे हित तिच्यात किंचित अधिकच आहे, असे मला वाटते.

हैदराबाद महापालिकेने कोंडापूर भागात २०१८ मध्ये १.३ एकरांवर असे उद्यान सुरू केले, आणि ती जागा पूर्वी कचरा टाकण्याची होती. अमेरिकेतल्या बर्कली शहरात १९७९ मध्ये सुरू झालेले ओलोन उद्यान भुयारी रेल्वेसाठी घरे पाडून रिकाम्या झालेल्या पट्ट्यावर आहे. यावरून आपल्याकडेही जिथे इमारत बांधता येणार नाही, अशा जागा प्रथम तपासाव्यात. मात्र नदीकाठची पूररेषेतली जमीन सहज मिळते म्हणून ती घेण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. पुराचे पाणी ओसरल्यावर मागे राहणाऱ्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, आणि तो आजार कुत्र्याप्रमाणे माणसालाही होतो.

रचना करताना परदेशातला नकाशा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. दुहेरी फाटक, म्हणजे एक दार लागल्याशिवाय दुसरे न उघडण्याची सोय, चार ते सहा फूट उंचीचे कुंपण आणि लहान व मोठ्या कुत्र्यांसाठी वेगळे भाग, हे सगळीकडे लागतेच. परंतु आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होते, तेव्हा मुरूम भरून, उतार काढून पाण्याचा निचरा आधी करायला हवा. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी मैदान निरुपयोगी असते. लोक पहाटे आणि रात्री येणार, त्यामुळे दिव्यांची आणि मोठ्या सावलीच्या झाडांची तरतूद सुरुवातीपासून हवी. रस्त्याच्या दुभाजकांवर सर्रास लावली जाणारी कण्हेर आणि बिट्टी ही दोन्ही झाडे कुत्र्यांसाठी विषारी आहेत, हे उद्यान विभागाला लेखी कळवले पाहिजे. गवत वाढू दिले की गोचीड वाढतात आणि त्यांच्यामार्फत ताप पसरतो. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर मातीत कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे लसीकरणाची नोंद पाहूनच प्रवेश द्यावा आणि लसी पूर्ण न झालेली पिल्ले आत आणू नयेत.

भटक्या कुत्र्यांचाही इथे विचार करावा लागतो. एखाद्या मोकळ्या जागेवर त्यांची टोळी वर्षानुवर्षे राहत असेल, तर ती जागा कुंपणात घेतल्यावर ती कुत्री शेजारच्या रस्त्यावर येतात आणि तिथल्या टोळीशी त्यांचे भांडण सुरू होते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांना खाऊ घालण्याची ठिकाणे निश्चित करायची आहेत. ती ठिकाणे आणि हे मैदान एकाच वेळी, एकाच नकाशावर ठरवावीत.

विष्ठा उचलण्याची जबाबदारी कुत्रा आणणाऱ्याचीच असली पाहिजे. ते काम सफाई कामगारांवर ढकलणे मला अजिबात मान्य नाही, आणि नियम मोडणाऱ्याचा प्रवेश काही काळ थांबवावा. देखभालीसाठी कुत्र्यांच्या पालकांकडून वार्षिक शुल्क घ्यायलाही हरकत नाही.

आराखड्यात आरक्षण पडले म्हणजे काम झाले, असेही नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. म्हणून प्रारूप आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा आपल्या सोसायट्यांनी गट क्रमांकासह जागा सुचवावी आणि तिच्या संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागावी. आमच्या भागासाठी असे निवेदन मी तयार करते आहे. त्यावर कुत्रा नसलेल्या शेजाऱ्यांच्याही सह्या मला हव्या आहेत.