होय, मी शेणातच आहे

आज कोल्हापुरात राजारामपुरीत एका बारशाला गेले होते. तिथं एक पाहुणीबाई चारचौघींत म्हणाल्या, "बहिणीनं नशीब काढलं बघ, अमेरिकेत गेली. तू मात्र अडकलीस शेणामुतात." मी हसून घुगऱ्या खाल्ल्या आणि कागलला घरापर्यंत गाडीवर धुमसत आले. तिथंच बोलायला पायजे होतं. आता इथं बोलते.

बहिणीच्या बाळंतपणाला आई न्यूजर्सीला गेली होती. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा, निम्मं बाळंतपण बॅगेतनं नेलं. बाळाला न्हाऊ घातल्यावर सवयीनं तव्यात ओवा टाकून धुरी द्यायला घेतली आणि छतावरचं यंत्र कोकलायला लागलं. अख्खी बिल्डिंग खाली, दारात बंब! मी व्हिडिओ कॉलवर बघत होते. आईच्या पायात जावयाचे बूट, अंगावर स्वेटर आणि बाळ वाकळंत गुंडाळलेलं. तेव्हा पोट धरून हसले. पण एवढी माणसं खाली उभी होती, एकानं विचारलं नाही, मुलगा का मुलगी?

माझ्या वेळी बांधावरून वर्षभर न बोलणारी चुलतसासूसुद्धा अळिवाची खीर घेऊन दारात आली होती. तोंड वाकडं करूनच आली, पण आली.

आणि नशीब कसलं काढलंय? तिकडं केंद्राच्या १९९३ च्या कायद्यानं बाळंतिणीला १२ आठवड्यांची रजा, तीपण बिनपगारी. आपल्याकडं नोकरीवालीला २०१७ पासून २६ आठवडे पगारी मिळते. (गोठ्यात कसली आलीय रजा, ते सोडा.) मग ते बारा आठवडे सरले की पोर सांभाळणार कोण? आधी आई सहा महिने, मग सासू सहा महिने. त्यांचं ते सुख आपल्या आयांच्या व्हिसावर चाललंय, आणि ह्या बाया मला शेणामुतात म्हणतात! बाबांचे ते सहा महिने डब्यावर गेले, ते कुणाच्या फोटोत दिसत नाही.

बरं, इथं सगळं गोडच आहे असं नाही. पहाटे उठून धारा काढायच्या, मग डेअरी, मग स्वयंपाक. महापुराच्या बातम्या आल्या की झोप उडते. आणि माझा दाजी भांडी घासतो, आमच्याकडं पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो. हे मान्य. पण दहा दिवसाला दुधाचं बिल माझ्या नावावर येतं, दिवाळीला दूधदराचा फरक येतो. गेल्या दिवाळीत त्याच पैशातनं नवी म्हैस घेतली, कुणाला न विचारता. आज सकाळी तिच्या दुधाला सात फॅट लागलं. डेअरीतला पोरगा म्हणाला, "वैनी, पार्टी."

बहिणीवर माझा राग नाही. त्या बंबाच्या रात्री आई झोपल्यावर तिनं मला परत फोन केला. बोलली काहीच नाही, नुसती रडली. मी इकडं धार काढत होते, फोन कानाखांद्यात धरून, आणि बाळ रडतंय का ती, तेच कळेना.

ती हे वाचणार आणि चिडणार. चिडू दे. दुसऱ्या खेपंला कागलला ये म्हणावं, माडीवरची खोली रिकामी आहे, शेगडीपण आहे. येणार नाही म्हणा, पोराला तिकडचा पासपोर्ट पायजे ना.