तिखट-चुन्याचा सल्ला देणाऱ्या ‘डॉक्टर मित्रा’स

‘प्राणीमित्र संस्थांचं पितळ उघडं’ या मथळ्याचा मजकूर महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली ‘एका डॉक्टर मित्राकडून, जनहितार्थ’. डॉक्टरचं नाव अर्थातच नाही. आता तो मावशीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि दोघांनी लगेच पुढे ढकललाही, म्हणून लिहायला बसावं लागलं. मजकुराचं म्हणणं असं: परदेशी पैशावरच्या या संस्था कुत्रे पकडतात, नसबंदीसाठी कापतात आणि परत सोडतात, त्याने रेबीज काही हटत नाही. परदेशात कुत्रे मारूनच रेबीज संपवला. नसबंदीने कुत्रे उलट चवताळतात. हा सगळा लसकंपन्यांचा धंदा आहे. आणि कुत्रा चावलाच तर पोटात चौदा इंजेक्शनं घेण्यापेक्षा जखमेत तिखट आणि चुना भरा, दहा दिवस कुत्रा जगतो का पाहा, मगच दवाखाना गाठा.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे, हे मात्र जीव घेणारं आहे.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि तिथून मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो. तिखट-चुन्याने आग होते, मांस भाजतं, विषाणू आत ढकलला जाण्याची भीती वाढते आणि माणूस जखम धुवायचं टाळतो. धुणं हाच तर पहिला उपचार. या विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून 15 मिनिटं. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक. हळद, तेल, चहापूड काही नाही. घट्ट पट्टी नाही. टाके शक्यतो नाहीतच. घालावेच लागले तर आधी इम्युनोग्लोब्युलिन (म्हणजे तयार प्रतिपिंडं, विषाणूशी लढणारी प्रथिनं), मग सैल टाके.

लस त्याच दिवशी, दंडात; लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यात कधीच नाही, तिथल्या चरबीत ती नीट काम करत नाही. स्नायूत द्यायची असेल तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत देतात: दर वेळी दोन ठिकाणी 0.1 मिलि, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही. लसीने प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तेवढ्यापुरतं कवच म्हणून इम्युनोग्लोब्युलिन थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. मानवी असेल तर वजनाच्या दर किलोला 20 युनिट, घोड्यापासूनचं असेल तर 40. लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की त्याचा उपयोग नाही. लोक नेमकं इथे चुकतात: ‘सुई घेतली ना’ म्हणून घरी येतात. चावा तोंडावर, मानेवर किंवा बोटांवर असेल तर ही चूक महागात पडते, कारण तिथे मज्जातंतूंचं जाळं दाट.

पोटातली इंजेक्शनं ही मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या जुन्या लसीची. ती भारतात 2005 च्या सुमारास बंद झाली. तरी तिचा धाक अजून चालूच.

दहा दिवसांच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते मान्य. ज्याच्या लाळेत विषाणू आलाय तो कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो. पण म्हणून लस पहिल्याच दिवशी सुरू करायची, आणि दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टरने ठरवायचं. मजकुराने क्रमच उलटा केलाय. पाण्याची भीती वाटू लागल्यावर, म्हणजे रेबीजची लक्षणं दिसल्यावर, दवाखान्यात गेलात तर कोणाच्याच हातात काही उरत नाही.

आता ‘या संस्था करतात काय’. लांब कशाला, गोव्यात बघा. मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकार यांच्या 2013 ते 2019 च्या कामाचा अभ्यास 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. पथकं जाळ्या घेऊन फिरतात, कुत्रा पकडला की लस टोचून, अंगावर रंगाची खूण करून तिथल्या तिथे सोडतात, फोनवर जागेची नोंद करतात. मग त्याच भागात फिरून खुणेचे किती, बिनखुणेचे किती हे मोजतात. कमी भरले तर पुन्हा जाळ्या. वर्षाला 95,000 हून जास्त कुत्र्यांना लस, म्हणजे सुमारे 70 टक्के. शाळांतून दरवर्षी दीड लाख मुलांना चाव्यानंतर काय करायचं याचं शिक्षण. कुत्र्यांमधला रेबीज महिन्याच्या हिशेबात 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू शून्यावर आले.

70 टक्केच का? एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनाहून कमी कुत्र्यांना रोग देतो, म्हणजे निम्म्यांना लस असली तरी साखळी तुटायला हवी. पण रस्त्यावरचा कुत्रा फार जगत नाही आणि पिल्लं येतच राहतात, त्यामुळे वर्षभरात आकडा घसरतो. पुढच्या मोहिमेपर्यंत तो निम्म्याच्या वर टिकावा म्हणून सुरुवातच 70 पासून. एक वर्ष खंड पडला की केलेलं धुऊन निघतं.

मारण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर 1997 मध्ये बाहेरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर रेबीज आला. लाखो कुत्रे मारले. रेबीज अजून तिथेच आहे. बालीत 2008 मध्ये साथ आली तेव्हा आधी स्ट्रिक्निन विष वापरलं. लोकांनी आपापले कुत्रे दुसऱ्या गावी नेऊन लपवले, त्यांच्याबरोबर रोगही गेला. लस टोचलेलेही मेले आणि त्यांच्या जागी बिनलशीची पिल्लं आली. 2010 मध्ये प्राणी संस्थांच्या मदतीने बेटभर लसीकरण झालं, तेव्हा कुठे आकडे उतरले. ब्रिटनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोकाट कुत्रे पकडून मारले हे खरंय, पण मुसकी सक्तीची केली आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना विलगीकरणात ठेवलं, हे मजकुरात नाही. भोवती समुद्र आहे, हेही नाही. मेक्सिकोने मात्र फुकट लसीकरणाने काम केलं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्का मारला.

नसबंदीने कुत्रा चवताळत नाही. पिल्लं जपणारी मादी अंगावर येते, आणि पिल्लंच नसली तर तेही नाही. तक्रारीत तथ्य आहे ते वेगळ्याच ठिकाणी. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस ठेवायचा कुत्रा दुसऱ्याच दिवशी सोडला तर टाके उसवतात, जखमेत किडे पडतात. अंडाशयाचा तुकडा आत राहिला तर मादी पुन्हा माजावर येते. आणि पकडला एका गल्लीत, सोडला दुसरीकडे, तर तिथल्या टोळीशी मारामारी ठरलेली. हे घडतं, आणि बिलं मात्र पूर्ण निघतात. त्याबद्दल महापालिकेला जरूर धारेवर धरा.

राहिला लसकंपन्यांचा धंदा. कुत्र्याला वर्षाकाठी एक स्वस्त सुई. चावलेल्या माणसाला चार-पाच डोस, वर महागडं इम्युनोग्लोब्युलिन. धंदाच करायचा असता तर कंपन्यांनी कुत्र्यांना लस टोचूच नका म्हणून पैसे वाटले असते.