खातेदार कोण आहे?

आमच्या लेकीला दहा पूर्ण झाले अन् मी ठरवलं की हिचं बँकेत खातं काढायचं, पैशाची शिस्त लागली पाहिजे, नाहीतर परभणीच्या उरुसात हातात दिलेली नोट पाळण्यावरून खाली उतरूस्तोवर संपलेली असते. दहा वर्षांच्या वरचं लेकरू स्वतःच्या सहीनं खातं चालवू शकतं हे रिझर्व्ह बँकेनं 2014 सालीच सांगून ठेवलंय, पण आमच्या काउंटरपर्यंत ते अजून पोचायचं होतं वाटतं. साहेब आधी म्हणले वडलांना चालवावं लागतंय, मग आत कुणाला तरी विचारून आले अन् म्हणले, "जमतंय की!" जसं काय मीच नाही म्हणत होतो.

मग सही. पोरीनं अख्खी वही सह्यांनी भरवली, शेवटी जी पसंत पडली तिला खाली दोन टिंबं अन् पुढं लांबलचक शेपटी. फॉर्मवर झोकात केली. पैसे काढायला गेलो तर शेपटी भलतीकडंच गेली, मॅडम म्हणल्या सही जुळत नाही. मी मधी तोंड घातलं.

"तुम्ही मागं थांबा. खातेदार कोण आहे?"

मागं पीककर्ज नवं-जुनं करायला आलेले सगळे वळखीचे. सगळ्यांनी ऐकलं.

अजून एक, अशा खात्याला ओव्हरड्राफ्ट नसतो, शिल्लक शून्याच्या खाली जाऊच द्यायची नाही असा नियमच आहे. म्हणजे आमच्या घराण्यात कर्जात जायला बंदी असलेली ही पहिलीच. आजोबानं हे ऐकून पासबुकाच्या पाया पडून घेतलं.

पण खरी गडबड व्याजानं केली. पासबुकावर तिमाहीचं व्याज छापून आलं, हजाराला सहा रुपये. "पप्पा, एवढेच?" मी समजावलं, बाई, वर्षाला अडीच टक्केच असतंय. ती सरळ आजोबाकडं. आजोबानं जन्मभर बँकेपेक्षा बाहेरूनच जास्त उचललेलं, त्यानं गावचा हिशोब सांगितला, दोन रुपये शेकडा, ते पण महिन्याला. पोरीनं बाराचा गुणाकार तोंडी केला (ह्याच गुणाकारावरून शाळेतल्या बाई आम्हाला बोलवून घेतेत) अन् चोवीस म्हणल्यावर माझ्याकडं असं बघितलं की मीच तिला फसवलंय.

त्यात आमची मोटर जळली. सोयाबीन घरातच पडून, 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, तो कागदावर, व्यापारी त्याच्या जवळपास यायला तयार नाही, अन् वायंडिंगवाला उधार ठेवीना. संध्याकाळी लेक आली, हातात नोटा. ह्यावेळेस शेपटी बरोबर जुळली होती.

"पप्पा, किती कमी पडू लागलेत?"

मला भरूनच आलं. म्हणलं, तू देतीस?

"देते की. घरचे म्हणून दीडच रुपया शेकडा लावते. फकस्त आजोबा जामीन राहायला नाही म्हणलेत, आईला विचारून बघा."